ईस्टरला गाता येत नाही: दुःखानंतरची आशा आपल्या श्रद्धेत कुठे सापडते?

मलप्रभाकाठ (धागाकर्ती)

सर्वांना जय ख्रिस्त.

मी खानापूर तालुक्यातली. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्या घराची मागची भिंत गेली, कणगीतलं भात भिजलं. ते सावरतोय तोवर 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझे यजमान गेले. आज घर उभं आहे, मुलगी कॉलेजात आहे, मुलगा दहावीला. माझं शिवणकाम बरं चालतं. कुणी कीव करावी म्हणून हे लिहीत नाही, प्रश्न नीट कळावा म्हणून लिहितेय.

आमच्या मंडळीत पुनरुत्थानाच्या दिवशी पहाटे कबरस्तानात उपासना होते. आदल्या दिवशी कबरी साफ करतात, चुना लावतात, फुलं ठेवतात. उजाडताना सगळे उभे राहून गातात. मी यजमानांच्या कबरीपाशी उभी असते आणि माझ्या तोंडून सूर निघत नाही. माझा विश्वास गेलेला नाही. रोज रात्री मुलांना घेऊन प्रार्थना करते, वचन वाचते. पण 'तो उठला आहे' म्हणायची वेळ आली की घसा दाटतो. मंडळीतल्या एक मावशी म्हणाल्या, "एवढी वर्षं झाली, आता आनंद करायला पाहिजे, नाहीतर तुझी साक्ष कशी व्हायची?" त्या प्रेमानेच बोलल्या, पण तेव्हापासून मला गाण्याच्या वेळी आणखीनच जड होतं.

ज्याला अजून गाता येत नाही, त्याला आपल्या श्रद्धेत जागा कुठे आहे? 'देवाची इच्छा' आणि 'धीर धर' एवढं सोडून सांगा. वचनं सांगा, पण तुमच्या अंगावरून गेलेली सांगा. ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहावं, मला आवडेल.

नवजीवन_रायबाग

जय ख्रिस्त ताई. ईयोबाचं पुस्तक वाचा. सगळं गेलं तरी त्याने देवाला सोडलं नाही आणि शेवटी देवाने त्याला सगळं दुप्पट दिलं. विश्वासाने मागा, स्तुती करत राहा. स्तुतीने बेड्या तुटतात. पौल आणि सीला यांनी फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गाणी गायली तेव्हा भूकंप होऊन दारं उघडली. प्रार्थनेत तुमची आठवण करतो.

कॅम्पातले_मास्तर

ताई, वर ईयोबाचा विषय निघालाय म्हणून आधी त्याचाच हिशेब बघू.

सुरुवातीला त्याच्याकडे 7000 मेंढरं, 3000 उंट, 500 बैलजोड्या आणि 500 गाढवी होत्या. शेवटच्या अध्यायात 14000, 6000, 1000 आणि 1000. अगदी काटेकोर दुप्पट. मुलं मात्र आधी सात मुलगे आणि तीन मुली, शेवटीही सात मुलगे आणि तीन मुली. ती दुप्पट झाली नाहीत. मला वाटतं, ज्याने हे लिहिलं त्याला पक्कं ठाऊक होतं की जनावरांची भरपाई होते, लेकरांची होत नाही. पहिली दहा मुलं त्या घरातून गेली ती गेलीच. म्हणून 'दुप्पट मिळेल' हे वाक्य शोकात असलेल्या माणसाला कोणी सांगू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या पुस्तकात मित्रांनी केलेलं सर्वांत चांगलं काम दुसऱ्या अध्यायात आहे. ते आले, ईयोबाला ओळखता येईना म्हणून मोठ्याने रडले, आणि सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले. कोणी एक शब्द बोललं नाही. पुढे ते बोलायला लागले, कारणं सांगायला लागले, आणि तिथे बिघडलं. शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर. ज्याने देवाशी उघड भांडण मांडलं होतं त्या ईयोबाबद्दल मात्र तो म्हणाला की हा माझ्याविषयी नीट बोलला.

आता तुमचा मूळ प्रश्न. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत. त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा रडण्याचा, तक्रारीचा, जाब विचारण्याचा आहे. तेरावं स्तोत्र 'किती काळ' असं विचारत सुरू होतं. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत वर येतच नाही, अंधारातच संपतं. त्याच्या शेवटी कोणी आशेची ओळ जोडली नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, मंदिरात गायलं जायचं. म्हणजे न गाता येणाऱ्या माणसासाठी देवाच्या लोकांनी मुद्दाम गाणी ठेवली आहेत. अडचण आपली आहे. आपण रविवारी स्तुतीची स्तोत्रं निवडतो आणि विलापाची गाळतो. मी वर्षानुवर्षं उपासनेत वाचन केलं आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र कोणी वाचायला दिल्याचं मला आठवत नाही.

तुमचा दाटलेला घसा ही सुद्धा साक्षच आहे. ज्याच्यावर प्रेम केलं त्याच्या कबरीपाशी उभं राहून रडणारे पहिले तुम्ही नाही. लाजरच्या कबरीपाशी प्रभू स्वतः रडला, आणि आपण त्याला उठवणार हे माहीत असताना रडला.

निपाणीची_लेक

मास्तरांशी सहमत. ताई, मी तुम्हाला एलीयाची गोष्ट सांगते, ती माझ्या घरात घडल्यासारखी वाटते म्हणून.

2021 च्या जुलैत वेदगंगा फुगली, यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आलं, तेव्हा माझ्या आईच्या घरात पाणी शिरलं. आई आयुष्यभर विड्या वळत आली. पाणी ओसरल्यावर तिने घर धुतलं, भांडी घासली, सगळं जागच्या जागी लावलं आणि मग अंथरुणाला खिळली. आजार काही नव्हता. उठायचंच नव्हतं तिला. "बास झालं गं," एवढंच म्हणायची.

'1 राजे' या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात एलीया असाच रतामाच्या झुडपाखाली जाऊन बसतो आणि म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. आदल्याच अध्यायात त्याने कर्मेल डोंगरावर अग्नी उतरवलेला. एवढा मोठा संदेष्टा! मग देवाने काय केलं? रागावला नाही, विश्वास कमी पडला असं म्हणाला नाही. तो झोपला तेव्हा त्याला झोपू दिलं. देवदूत आला, त्याने स्पर्श केला आणि म्हणाला, ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी होतं. त्याने खाल्लं आणि तो परत झोपला. देवदूत दुसऱ्यांदा आला आणि पुन्हा तेच, ऊठ, खा, तुला लांब जायचं आहे. देवाचा मंद आवाज वगैरे सगळं त्याच्या पुढे.

आमच्या गल्लीतल्या बायकांनी आईला हेच केलं. त्यात ख्रिस्ती थोड्या, लिंगायत आणि मराठा जास्त. कुणी भाकरी-झुणका आणून ठेवायचं, कुणी नुसतं बसायचं. "खाल्लासा काय ओ काकू?" एवढंच विचारायच्या. पाळकसाहेब येऊन एक स्तोत्र वाचून जायचे, लांबण लावायचे नाहीत. आई हळूहळू उठली. आज ती पुन्हा चर्चला जाते. गाते की नाही, मी कधी विचारलं नाही.

लोंढा_जंक्शन

मी कॅथलिक, रेल्वेतून निवृत्त. आमच्याकडची एक गोष्ट सांगतो, ती ताईंच्या प्रश्नाला धरून आहे.

आपण सगळे क्रूसाचा शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार याबद्दल बोलतो. मधल्या शनिवारबद्दल कोणी बोलत नाही. त्या दिवशी दिवसभर आमच्याकडे मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, होत नाही. वेदी उघडी, तिच्यावर कापड नाही, दिवा नाही, पवित्र पेटी रिकामी. प्रभू कबरेत आहे. विश्वासांगीकारात आपण म्हणतो की तो अधोलोकात उतरला, ते याच दिवसाचं. माझा धाकटा भाऊ गेल्यावर मला कळलं की काही माणसांचा शनिवार लांबतो. चर्चच्या वर्षात त्या दिवसाला पूर्ण मान आहे. तो चुकीचा दिवस नाही, रविवारच्या आधी ढकलायची अडचणही नाही.

रात्री जागरणाची उपासना असते. चर्चच्या बाहेर अंधारात नवा अग्नी पेटवतात, त्यावर मोठी पास्काची मेणबत्ती लावतात. त्या मेणबत्तीत धुपाचे पाच दाणे क्रूसाच्या आकारात खोचतात. पाच जखमांचे पाच. म्हणजे पुनरुत्थानाच्या मेणबत्तीवरही जखमा आहेत! मग ती आत नेतात आणि तिच्यावरून एकाची मेणबत्ती, त्याच्यावरून शेजाऱ्याची, असं करत सगळं चर्च उजळतं. तुमची पेटली नाही तर शेजारचा वाकून पेटवून देतो.

योहानाच्या शुभवर्तमानात उठलेला प्रभू थोमाला हात आणि कूस दाखवतो. खिळ्यांचे व्रण गेले नव्हते. देवाने त्याला मरणातून उठवलं, पण जे सोसलं ते पुसून टाकलं नाही. माझी सगळी आशा या एका गोष्टीवर उभी आहे. ताई, तुम्ही यजमानांना विसराल तेव्हाच सावराल असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. उठलेल्या प्रभूला त्याच्या व्रणांवरून ओळखलं.

वारकरी_हुक्केरी

मी ख्रिस्ती नाही, पण धागाकर्तीने बोलावलंय म्हणून लिहितो.

1630 च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकान बसलं. त्यानंतर तुकोबांनी देवाशी जे भांडण केलं ते गाथेत पानोपानी आहे. विठ्ठलाला ते काय काय बोलले! आमच्याकडे त्याला कोणी अश्रद्धा म्हणत नाही, आम्ही ते टाळ-मृदंगावर गातो. मास्तरांनी स्तोत्रांबद्दल लिहिलेलं वाचून मला हेच आठवलं. नारायण वामन टिळक म्हणायचे ना, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो? तो पूल दोन्ही बाजूंनी चालायला मोकळा आहे असं मला वाटतं.

ताई, गाता येत नसेल तर दिंडीतही कोणी ओढत नाही. मुकाट्याने चालणाराही दिंडीतच असतो.

कृष्णाकाठ_शेतकरी

मास्तर ईयोबाचं एवढं सांगतात तर 14 व्या अध्यायातलं झाडाचं का सोडलं? तिथं लिहिलंय की झाडाची आशा असते, तोडलं तरी ते पुन्हा फुटतं, मूळ जमिनीत जुनं झालं, बुंधा मातीत मेला तरी पाण्याच्या वासाने त्याला धुमारे येतात.

हे वाचलं की मला ऊस दिसतो. 2019 ला कृष्णेचं पाणी आमच्या अथणी भागात उसात बरेच दिवस उभं राहिलं. शेंडे बुडाले, पोंगे कुजले. वाढा मेला की उसाला कांडीवरच्या डोळ्यांतून पांगशा फुटतात, बघणाऱ्याला हिरवं वाटतं पण त्यात वजन नसतं, साखर नसते. जुन्या माणसांनी सांगितलं, त्या पांगशांच्या नादाला लागू नको, बुडातून काप, पाचट बाजूला कर, मातीला वाफसा येऊ दे, खोडवा धर, म्हणजे त्याच बुडख्यातून नवा ऊस फुटू दे. मन होत नव्हतं. उभा ऊस कापायला जिवावर येतं. पण बुडखा जिवंत होता, खोडवा आला. पहिल्या पिकाएवढा नाही आला, पण आला.

मला वाटतं आपल्या लोकांना पांगशा लगेच पाहिजे असतात. मयत झालं की चार महिन्यांत माणूस हसायला पाहिजे. ताई, तुम्ही बुडातून फुटताय. वेळ लागतो त्याला.

कॅम्पातले_मास्तर

शेतकरी दादा, मी ते वचन मुद्दामच ठेवून दिलं होतं, कारण त्याच्या पुढची ओळ फार कडक आहे. ईयोब म्हणतो, झाडाचं असं होतं, पण माणूस मेला की तो उठत नाही. झाडाला आशा आहे, मला नाही, हे त्याचं तिथलं गाऱ्हाणं आहे. मग चौदाव्या वचनात तो विचारतो, माणूस मेल्यावर पुन्हा जिवंत होईल काय? आणि प्रश्न तसाच सोडून देतो.

तुमच्या खोडव्याने तो प्रश्न मला अधिक नीट दिसला. निसर्ग आपल्याला अर्धं सांगतो. शेत पुन्हा उभं राहतं, घराची भिंत पुन्हा बांधता येते, शिवणाचं मशीन पुन्हा चालू होतं. हे सगळं नवं होणं खरं आहे आणि देवाचंच आहे. पण ताईंच्या यजमानांबद्दल ऊस काही सांगू शकत नाही. तिथे ख्रिस्ती माणसाकडे एकच उत्तर आहे, रविवारची ती रिकामी कबर. ईयोबाने विचारलेल्या प्रश्नाला आमच्या मते तिथे 'हो' मिळालं. हे 'हो' आज हातात येत नाही, म्हणून तर त्याला आशा म्हणायचं. हाती आल्यावर आशा उरत नाही असं पौलानेच रोमकरांस लिहिलं आहे.

नवजीवन_रायबाग

मास्तर, मला थोडं बोलू द्या. मी दारूत सगळं घालवलेला माणूस. शेत गहाण होतं, बायको माहेरी गेलेली. एका प्रार्थनासभेत मी रडत गुडघ्यावर आलो आणि त्या रात्रीपासून प्यालो नाही. बायको परत आली. माझ्या बाबतीत आशा एका झटक्यात आली, आणि ती स्तुती करतानाच आली. म्हणून मी स्तुती करा म्हणतो, ते मनापासून. रोमकरांस 8:28 मध्ये लिहिलंय की देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. मग हे वचन ताईंना सांगायचंच नाही का?

कॅम्पातले_मास्तर

तुमची गोष्ट वाचून फार आनंद झाला, नवजीवन. प्रभूने तुम्हाला तसं उचललं, यात मला तिळमात्र शंका नाही. ती साक्ष द्याच, दारूत अडकलेल्या माणसांना तिची फार गरज आहे.

28 वं वचनही सांगा, पण 22 पासून वाचून सांगा. तिथे आधी सगळी सृष्टी कण्हते, मग आपण कण्हतो, मग 26 व्या वचनात पवित्र आत्माही शब्दांत न येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. एवढं कण्हणं झाल्यावर 28 वं येतं. जे वाईट घडलं ते चांगलंच होतं, असं पौल म्हणत नाही. देव त्यातूनही कल्याण घडवतो, असं म्हणतो. आणि ते ज्याचं त्याला कळू द्यावं, बाहेरून सांगण्याची घाई करू नये.

गडहिंग्लजची_लेक_संकेश्वरची_सून

दोन पैसे माझेही. माझं माहेर महाराष्ट्रात, सासर कर्नाटकात. आपल्या भागात हे घरोघरी आहे. म्हणून मला रूथचं पुस्तक फार जवळचं वाटतं.

बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून नामी आणि तिचा नवरा सीमा ओलांडून मवाबात जातात. तिथे नवरा जातो, मग दोन्ही मुलगे जातात. तीन विधवा उरतात. नामी परत गावात पोचते तेव्हा तिथल्या बायकांना तोंडावर सांगते की सर्वसमर्थाने माझं आयुष्य फार कडू केलं, भरलेली गेले होते, रिकामी आले. ती हे देवाचं नाव घेऊन, वेशीत उभी राहून, सगळ्या गावासमोर बोलते. तिला कोणी गप्प केलं नाही.

आणि आशा कुठून येते? परक्या देशातल्या, परक्या भाषेतल्या सुनेकडून. रूथ तिच्याबरोबर येते, जवाच्या कापणीत मजुरांच्या मागे सरवा वेचते, संध्याकाळी सासूच्या पदरात धान्य घालते. पूर्ण पुस्तकात देव एकदाही प्रकट होऊन बोलत नाही. धान्य, शेत, शेजारणी, एक भला माणूस, शेवटी मांडीवर एक नातू. तो ओबेद पुढे दावीद राजाचा आजोबा झाला आणि मत्तयाने प्रभू येशूच्या वंशावळीत रूथचं नाव लिहिलं. नामीला तिच्या हयातीत यातलं काही कळलं नाही. तिच्या मांडीवर फक्त एक बाळ होतं.

मला मूल नाही म्हणून मी हे पुस्तक बरेच दिवस वाचत नव्हते. आता वाचते ते नामीसाठी नाही, त्या शेजारणींसाठी वाचते. कडू बोललेलं ऐकून घेणाऱ्या बायका त्याच आणि बाळाचं नाव ठेवणाऱ्याही त्याच. आमच्या महिला संघात मी तशी शेजारीण व्हायचा प्रयत्न करते.

मलप्रभाकाठ (धागाकर्ती)

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा वाचलं. एलीयाला देवाने परत झोपू दिलं, हे मी इतक्या वेळा तो अध्याय वाचूनही पाहिलं नव्हतं. मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, तुला तर आम्ही झोपूच दिलं नाही." मग आम्ही दोघी बराच वेळ बोलत बसलो. तिच्या बाबांबद्दल इतकं मोकळं आम्ही पहिल्यांदाच बोललो.

मास्तर, एक विचारते. आपल्या मराठी माणसांमध्ये असं सगळं गमावून पुन्हा उभं राहिलेलं कोणी आहे का, जिच्याबद्दल मी मुलांना सांगू शकेन? बायबलमधली माणसं त्यांना फार लांबची वाटतात.

कॅम्पातले_मास्तर

आहेत ना. पंडिता रमाबाई. आणि त्या आपल्या कर्नाटकाशीही जोडलेल्या आहेत. 1858 साली सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात, वडिलांच्या आश्रमात त्यांचा जन्म झाला. पुढे घरदार सोडून सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत हिंडलं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीत वडील गेले, मागोमाग आई गेली, मग थोरली बहीण. भाऊ 1880 मध्ये गेला. त्याच वर्षी लग्न झालं, आणि दोन वर्षं पुरी व्हायच्या आत 1882 मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. कडेवर मनोरमा, तान्ही मुलगी. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढचं मुलांना जरूर सांगा. 1896-97 मध्ये पुन्हा मोठा दुष्काळ पडला. भुकेने आईबाप गमावलेली ही बाई मध्य प्रांतात गेली आणि तिथल्या उपाशी मुली, विधवा यांना घेऊन आली. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 च्या दुष्काळात आणखी मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. शेती, विणकाम, छापखाना, सगळं त्या मुली चालवायच्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून एकहाती बायबलचं मराठी भाषांतर केलं. 1921 मध्ये मनोरमाही गेली, त्यांच्याआधी. त्या दुःखातही काम चालूच ठेवलं आणि 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

त्यांचं दुःख संपलं आणि मग त्या कामाला लागल्या, असं झालेलं नाही. दुष्काळाची भूक त्यांना ठाऊक होती, म्हणून दुष्काळातल्या मुलींकडे त्यांचे पाय वळले. नवं होणं म्हणजे काय याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला मराठीत दिसत नाही.

आणि आपल्या गावचे बाबा पदमनजी. 1831 साली बेळगावात जन्मले, 1854 मध्ये इथेच बाप्तिस्मा घेतला आणि 1857 मध्ये विधवांच्या हालांवर मराठीत कादंबरी लिहिली. विधवेचं दुःख मराठी कादंबरीतून चारचौघांत मांडण्याची सुरुवात आपल्या मातीतल्या एका ख्रिस्ती माणसाने केली, हेही मुलांना कळू द्या.

शिफ्टवाली_सिस्टर

मी नर्स आहे, त्यामुळे थोडं वेगळं लिहिते. वरचं सगळं पटलं, पण वाचणाऱ्यांत कुणी असं असेल की झोप उडालीय, जेवण जात नाही, महिनोन्महिने कशातच मन लागत नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, तर कृपा करून डॉक्टरांना दाखवा. दुःख वेगळं आणि नैराश्याचा आजार वेगळा, पण एकातून दुसरा होऊ शकतो. गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नाही. शुगरची गोळी घेताना कोणी असं म्हणत नाही.

सरकारची टेलीमानस नावाची मोफत सेवा आहे, 14416 हा नंबर. दिवसरात्र चालू असते. मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही. रात्री दोन वाजता जीव नको वाटला तर पाळकांना उठवायला संकोच वाटेल, इथे वाटायचं कारण नाही. मात्र पाळकांनाही उठवा, त्यासाठीच आहेत ते.

देसूरचा_गिटारवाला

मी चर्चच्या कोयरमध्ये वाजवतो, वयाने तुमच्या सगळ्यांत लहान असेन. मावशी, तुमचा पहिला मेसेज वाचून मला मार्कच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षघाती माणूस आठवला. कफर्णहूमला घर गच्च भरलेलं, आत जायला वाट नाही. चौघे त्याला उचलून आणतात, छप्पर उकरतात आणि खाटेसकट खाली सोडतात. पुढे लिहिलंय की येशूने त्यांचा विश्वास पाहिला आणि त्या आजाऱ्याला क्षमा केली. त्यांचा! खाटेवरच्या माणसाने तोपर्यंत एक शब्द उच्चारलेला नाही, त्याचा विश्वास किती होता हे मार्कने सांगितलेलंही नाही. चार जणांच्या विश्वासावर तो आत पोचला.

ईस्टरला आम्ही गातो तेव्हा समोर न गाणारी माणसं दिसतात. मला पूर्वी वाटायचं त्यांना चाल अवघड जातेय, पट्टी खाली घ्यावी. आता आमच्या प्रॅक्टिसला आम्ही ठरवून बोलतो की हे गाणं त्यांच्यातर्फे गायचं. तुम्ही नुसत्या उभ्या राहा मावशी. त्या दिवशी खाटेची चार टोकं आमच्याकडे.

लोंढा_जंक्शन

वा, पोरा.

मलप्रभाकाठ (धागाकर्ती)

देसूरच्या बाळा, तुझा मेसेज मी आमच्या पाळकसाहेबांना वाचून दाखवला. मास्तरांचं स्तोत्रांबद्दलचंही सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या महिला संघाच्या सभेत तेरावं स्तोत्र घेऊया, ज्यांना बोलावंसं वाटेल त्या बोलतील, नाही त्या बसतील. ज्या मावशींनी मला आनंद करायला सांगितलं होतं त्यांना मी स्वतः बोलवायला गेले. त्यांचा थोरला मुलगा फार वर्षांपूर्वी विहिरीत बुडून गेला होता हे मला त्या दिवशी कळलं. त्यांना तो आनंद जपावाच लागला असणार, नाहीतर त्या उभ्या राहिल्या नसत्या. पहिलं वाचन त्या करणार आहेत.

एक मदत हवी आहे. सभेला निम्म्या बायका कन्नड बोलणाऱ्या असतात, बैलहोंगलकडच्या सुना आहेत. स्तोत्र दोन्ही भाषांत कसं घ्यावं? एकामागून एक वाचलं की लय तुटते.

गडहिंग्लजची_लेक_संकेश्वरची_सून

आमच्याकडे एकेक वचन वाटून घेतात. पहिलं मराठीत, तेच लगेच कन्नडमध्ये, मग थोडं थांबून दुसरं. तेरावं स्तोत्र सहाच वचनांचं आहे, आरामात होतं. कन्नड वाचणारीला आधी एकदा बरोबर बसवून घ्या, म्हणजे कुठे थांबायचं ते दोघींना कळतं. शेवटची दोन वचनं विश्वासाची आणि गाण्याची आहेत, ती घाईने घेऊ नका. वाटलं तर चौथ्या वचनावर थांबा, आणि पाचवं-सहावं पुढच्या सभेत वाचा. आम्ही एकदा तसं केलं होतं. मधल्या दिवसांत बायका एकमेकींच्या घरी जाऊन आल्या.

मलप्रभाकाठ (धागाकर्ती)

हे छान आहे. चौथ्यावर थांबतो. मावशींना विचारून कळवते.